कृतिभक्ती

कृतिभक्ती ही स्वाध्याय परिवाराच्या विचारातील मध्यवर्ती संज्ञा आहे. ईश्वराविषयीचे प्रेम मनात जोपासणे म्हणजे भावभक्ती आणि तेच प्रेम आपला वेळ, श्रम व कौशल्य यांच्या रूपाने देवाच्या कामी लावणे म्हणजे कृतिभक्ती, असा भेद पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांनी केला. या दोहोंपैकी एकीवाचून दुसरी अपुरी मानली जाते.

पार्श्वभूमी

आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील रोहा येथे झाला. त्यांचे वडील वैजनाथशास्त्री यांनी मुंबईत श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा स्थापन केली होती. १९४२ पासून पांडुरंगशास्त्री तेथे प्रवचने करू लागले. अनुयायी त्यांना ‘दादा’ म्हणत. काम करता करता देव भजण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. अरणचे सावता माळी आणि तेरचे गोरा कुंभार यांची चरित्रे वारकरी परंपरेने घरोघरी पोहोचवली होती. दादांनी त्या वृत्तीला सामूहिक प्रयोगाचे रूप दिले.

स्वरूप

दैनंदिन पातळीवर त्रिकाल संध्या सांगितली जाते: सकाळी उठल्यावर, जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी देवाचे स्मरण. त्यासाठी वेगळी जागा वा उपकरणे लागत नाहीत. भक्तिफेरीत स्वाध्यायी स्वखर्चाने गावोगाव जातात. यजमानावर भार पडू नये म्हणून शिदोरीही बरोबर नेण्याची रीत आहे.

सर्वांत परिचित प्रयोग योगेश्वर कृषीचा. गावातील एखादी जमीन या कामासाठी घेतली जाते आणि प्रत्येक कुटुंब वर्षातील काही दिवस आळीपाळीने तेथे राबते. राबणाऱ्याला मजूर न म्हणता ‘पुजारी’ म्हणतात. पिकावर कोणाचीही मालकी नसते, म्हणून त्या उत्पन्नाला ‘अपौरुषेय लक्ष्मी’ असे नाव आहे. त्यातील वाटा गरजू घरी गाजावाजा न करता प्रसाद म्हणून पोहोचतो. घेणाऱ्याला दात्यापुढे मान खाली घालावी लागू नये, हा या व्यवस्थेचा खरा गाभा. किनारपट्टीवरील मच्छीमारांच्या ‘मत्स्यगंधा’ होड्या याच तत्त्वावर चालतात. श्याम बेनेगल यांचा ‘अंतर्नाद’ (१९९१) हा चित्रपट स्वाध्यायाच्या कार्यावर आधारित आहे.

पेण तालुका आणि विनोबा

शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. तुळशीला पाणी घातल्याशिवाय आई जेवायला वाढत नसे, अशी बालपणीची आठवण ते सांगत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता-प्रवचनांत त्यांनी साधी नित्यकर्मेही ईश्वरार्पण कशी करता येतात, हे उलगडले. १९५९ मध्ये पवनार येथे त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे शरीरश्रम, अध्ययन व सामूहिक प्रार्थना यांवर दिनक्रम उभा आहे.

बेनेडिक्टीय परंपरेशी तुलना

सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनो येथे संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांचा नियम लिहिला. त्याच्या ४८व्या प्रकरणात हातांचे काम आणि पवित्र वाचन यांच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. ३१व्या प्रकरणात कोठाराच्या प्रमुखाने मठातील भांडी व अवजारे वेदीवरील पात्रांप्रमाणेच जपावीत, अशी अपेक्षा आहे. ‘प्रार्थना आणि काम’ हे सुप्रसिद्ध ब्रीद मात्र मूळ नियमात आढळत नाही, ते नंतरचे.

या परंपरेला जवळचे ठरते ते पवनार, कारण तेथे घरसंसार सोडून एकत्र राहणे आहे. स्वाध्यायी हा गृहस्थच राहतो. त्याचे साम्य असलेच तर मठाशी जोडले जाऊन घरी नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती संसारी भाविकांशी आहे.

मूल्यमापन

आठवले यांना १९९६ मध्ये मॅगसेसे, १९९७ मध्ये टेंपलटन पुरस्कार आणि १९९९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. अंतःकरण बदलले की समाज बदलेल या भूमिकेमुळे जमीन व जात यांचे प्रश्न थेट हाताळले जात नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. संकल्पनेत एक अंगभूत अडचणही आहे. भाव ओसरला तरी पाळीचे दिवस भरत राहतात, आणि शेतात राबणारा पुजारी आहे की केवळ पाळी उरकणारा, हे बाहेरून ओळखता येत नाही. पुजाऱ्यांची हजेरी घेऊन त्याचे उत्तर मिळणारे नाही.