क्षयरोगाची गोळी आणि बुरशीचे औषध

क्षयरोगावरच्या उपचारांचा कणा असलेले रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक अनेक बुरशीविरोधी औषधांना रक्तात टिकू देत नाही. २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, गोळ्या न चुकवण्याचे आवाहन दरवर्षी होते आणि ते योग्यच आहे. त्या गोळ्यांसोबत घेतलेल्या दुसऱ्या औषधाचे काय होते, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे.

रिफाम्पिसिन यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींमधील ‘पीएक्सआर’ हा ग्राही जागा करते. मग पेशी ‘सीवायपी३ए४’ व त्याच्या जातीची इतर विकरे जास्त प्रमाणात बनवू लागतात. औषधांचे विघटन करणे हे या विकरांचे काम. साधारण दोन आठवड्यांत त्यांचा जोर पूर्ण वाढतो.

याचा सर्वाधिक फटका बुरशीविरोधी औषधांच्या अझोल गटाला बसतो. व्होरिकोनाझोलचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे ९६ टक्क्यांनी घटते, त्यामुळे डोस वाढवूनही भागत नाही. इट्राकोनाझोल तर रक्तात जेमतेम सापडते. फ्लुकोनाझोल बरेचसे मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते, म्हणून त्याची घट पाव भागाच्या आसपास राहते. नायट्यासाठी दिले जाणारे टर्बिनाफिन अझोल नव्हे, तरी तेही दुप्पट वेगाने शरीराबाहेर जाते. अ‍ॅम्फोटेरिसिन बी मात्र या विकरांवर अवलंबून नसल्याने या फेऱ्यातून सुटते.

खरी कोंडी फुप्फुसाच्या रुग्णांची होते. क्षयरोग बरा झाल्यावर उरलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढू शकते. तिच्यावर इट्राकोनाझोल कित्येक महिने घ्यावे लागते. त्याच काळात क्षयरोग उलटला, तर दोन्ही आजारांची मुख्य औषधे एकमेकांशी जुळत नाहीत. रिफाब्युटिनचा पर्याय सौम्य असला तरी निर्धोक नाही. व्होरिकोनाझोलसोबत त्याचीच रक्तातील पातळी वाढते आणि डोळ्यांना दाह होऊ शकतो.

सगळी प्रतिजैविके असे करत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन ‘सीवायपी३ए४’ला रोखते, त्यामुळे इट्राकोनाझोलची पातळी उलट वाढते.

रिफाम्पिसिन थांबल्यावरही वाढलेली विकरे ओसरायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे शेवटची गोळी कधी घेतली, हेही डॉक्टरांना कळायला हवे. क्षयरोगाचे औषध मनाने बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. बुरशीचे औषध लिहिताना डॉक्टरांनी आणि ते देताना केमिस्टने ‘टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?’ असे विचारलेच पाहिजे.