पाहुण्याचं घड्याळ

रात्रीच्या एसटीत डोळा लागला, की जाग आल्यावर गाडी कुठवर आली ते शेजाऱ्यालाच विचारावं लागतं. व्हर्च्युअल मशीनचं असंच आहे. एका खऱ्या संगणकाच्या पोटात असे अनेक आभासी संगणक चालतात. खरा तो यजमान, बाकीचे पाहुणे. प्रोसेसर आळीपाळीने मिळतो. पाळी संपली की पाहुणा गोठतो, आणि आपण गोठलो होतो याचा त्याला पत्ताही नसतो.

पूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिम ठोके मोजून वेळ ठेवायच्या. 2.6 मालिकेतलं सुरुवातीचं लिनक्स साध्या पीसीवर सेकंदाला 1000 ठोके मोजायचं. गोठलेल्या अवस्थेत ठोके बुडाले, की घड्याळ मागे. म्हणून यजमान साचलेले ठोके नंतर भराभर पाठवायचा; इकडे लिनक्सही बुडालेले ठोके स्वतःच भरून काढायचं. एकच उधारी दोघांनी फेडली, की घड्याळ चक्क पुढे पळायचं!

मोजणी सुधारायचे खटाटोप पुष्कळ झाले, पण खरा तोडगा मोजणी सोडण्यातच होता. 'केव्हीएम-क्लॉक' या पद्धतीत यजमान मेमरीचं एक पान पाहुण्यासाठी लिहून ठेवतो: प्रोसेसरच्या टीएससी या गणकाचा आकडा अमुक होता तेव्हा वेळ अमुक, आणि गुणक एवढा. पाहुणा गणक वाचतो, वजाबाकी-गुणाकार करतो. पाळीची वाट पाहण्यात गेलेला काळ आपसूक हिशेबात येतो. मशीन दुसऱ्या यजमानाकडे हलवलं आणि तिथे गणकाचा वेग निराळा असला, तर पानावरचे आकडे बदलायचे, बस्स.

पण यजमान तरी कुठे बिनचूक? त्याचा क्वार्ट्झ स्फटिक दशलक्षात दहा भागांनी चुकला, तरी दिवसाला 0.86 सेकंदांचा फरक पडतो. म्हणून नेटवर्कवरून वेळ जुळवणारी एनटीपी पद्धत लागते. डेव्हिड मिल्स यांनी तिचा मसुदा 1985 मध्ये मांडला. ती शक्यतो काटा ढकलत नाही, घड्याळाची चाल किंचित कमीजास्त करते. काटा एकदम मागे गेला, तर डेटाबेसच्या नोंदींचा क्रमच उलटायचा. भारतात सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांच्या संगणकांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जुळलेली हवी.

तुमच्याकडे व्हर्च्युअल मशीन असेल, तर आजच एक तपासा: त्याची वेळ एनटीपी आणि यजमानाचं साधन, दोघंही दुरुस्त करत नाहीत ना? एकालाच ठेवा.