कोडं सुटलं? मग कारण सांगा!

एकमेकींना कोडी घालणं आपल्याला काही नवीन नाही. कुठं त्याला हुमान म्हणतात, कुठं उखाणा. त्या कोड्यात एखादी वस्तू दुसऱ्याच वस्तूच्या वर्णनामागं लपवलेली असते. ती वस्तू आपण पाहिलेली असली तर ओळखता येते, नसली तर कितीही डोकं खाजवा, सुचत नाही.

आज आम्ही बोलणार आहोत ती कोडी जरा वेगळी आहेत. त्यांना तर्काची कोडी म्हणतात. उत्तरासाठी लागणारी सगळी माहिती कोड्यातच दिलेली असते. त्यासाठी शाळा किती झाली, इंग्रजी येतं का, पाढे पाठ आहेत का, याचा काही संबंध नाही. हातातलं काम चालू ठेवा आणि हे कोडं ऐका.

ओट्यावर तीन बंद डबे आहेत. एकात नुसते तांदूळ, एकात नुसती तूरडाळ आणि एकात खिचडीसाठी दोन्ही मिसळून ठेवलेले. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: ‘तांदूळ’, ‘डाळ’ आणि ‘खिचडी’. पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या डब्यांवर लागल्या आहेत. एकही बरोबर नाही. तुम्ही कुठल्याही एकाच डब्यात न बघता हात घालायचा आणि एकच दाणा बाहेर काढायचा. मग तिन्ही डब्यांत काय आहे ते सांगायचं. हात कुठल्या डब्यात घालाल?

क्षणभर थांबा, विचार करा.

समजा, ‘तांदूळ’ लिहिलेल्या डब्यात हात घातला आणि डाळीचा दाणा आला. आता आत नुसती डाळ आहे की खिचडी आहे, हे कळेल का? नाही कळणार. ‘डाळ’ लिहिलेल्या डब्याचीही तीच गत. पण ‘खिचडी’ लिहिलेल्या डब्यात खिचडी नक्की नाही, कारण चिठ्ठी चुकीची आहे. म्हणजे तिथं नुसते तांदूळ किंवा नुसती डाळ. एक दाणा काढला की निकाल लागला. समजा तांदळाचा दाणा आला, तर तो डबा तांदळाचा. मग ‘डाळ’ लिहिलेल्या डब्यात काय? डाळ असू शकत नाही, तांदूळ तर सापडले, म्हणून खिचडी. आणि ‘तांदूळ’ लिहिलेल्या डब्यात उरली ती डाळ. पहिला दाणा डाळीचा आला, तरी याच वाटेनं जायचं.

बघा, आपण अंदाज एकदाही केला नाही. जे शक्य नाही ते खोडत गेलो आणि उरलं ते उत्तर. या उत्तराला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. सातवीतल्या मुलीनं सांगितलं काय आणि मोठ्या साहेबांनी सांगितलं काय, कारण बरोबर असेल तर उत्तर बरोबर. ‘मी सांगतो म्हणून’ हे इथं चालत नाही.

म्हणूनच आम्ही मैत्रिणी कोडी घालतो तेव्हा काही रीती पाळतो. पहिली रीत अशी, की कोडं पुरं सांगायचं. डब्यांच्या कोड्यातलं ‘तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या’ हे एक वाक्य गाळलं तर ते कोडं ब्रह्मदेवालाही सुटणार नाही. कोडी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना नेमकी अशीच अट गळते. मग सोडवणारी बिचारी म्हणते, ‘माझं डोकंच चालत नाही.’ डोकं चालत असतं, कोडं अर्धवट असतं.

दुसरी रीत म्हणजे उत्तर एकदम ओरडून सांगायचं नाही. उत्तर कानावर पडलं की बाकीच्या जणींचा विचार तिथंच थांबतो. ज्या मैत्रिणीला सुटत नाही तिला प्रश्न विचारायचा, ‘कुठल्या डब्याबद्दल आपल्याला सगळ्यांत जास्त माहीत आहे?’ एवढ्या बोटभर आधारावर पुढचं ती स्वतः चालते.

तिसरी रीत, उत्तर सांगणारीनं कारणही सांगायचं. आणि एखादीनं वेगळं उत्तर काढलं तर हसायचं नाही, तिचंही कारण ऐकायचं. दोन्ही उत्तरं सगळ्या अटींत बसत असतील तर दोष कोड्याचा. चांगल्या तर्ककोड्याला उत्तर एकच असतं.

वर्तमानपत्रातलं सुडोकू तुम्ही पाहिलं असेल. उभ्या-आडव्या नऊ-नऊ ओळी, आणि प्रत्येक ओळीत व प्रत्येक लहान चौकटीत १ ते ९ अंक एकेकदाच. आकडे दिसले की पुष्कळ जणी पान उलटतात. पण त्यात बेरीज नाही, वजाबाकी नाही. अंकांऐवजी नऊ भाज्यांची नावं लिहिली तरी कोडं तेच राहील. तिथंही डब्यांसारखंच खोडत जायचं असतं.

हे कोडं हॉवर्ड गार्न्स नावाच्या अमेरिकन वास्तुरचनाकारानं तयार केलं आणि ते १९७९ मध्ये तिथल्या कोड्यांच्या मासिकात छापून आलं. १९८४ मध्ये जपानच्या ‘निकोली’ या प्रकाशनानं ते उचललं. त्याचं जपानी नाव लांबलचक होतं, ते आखडून सुडोकू झालं. त्या नावाचा अर्थ मजेशीर आहे, अंक एकटेच राहिले पाहिजेत. जपानीत ‘एकटा’साठी तिथं जो शब्द आहे, तो लग्न न झालेल्या माणसालाही वापरतात! निकोलीचं वैशिष्ट्य असं, की त्यांच्याकडे वाचक नुसती कोडी सोडवत नाहीत, स्वतः रचून पाठवतातही. २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नं सुडोकू छापायला सुरुवात केली आणि ते जगभर पसरलं. पहिली जागतिक सुडोकू स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुक्का गावी झाली. ती जिंकली याना टिलोव्हा या चेक देशातल्या बाईंनी. त्या हिशेबनीस होत्या. तिसरी स्पर्धा तर २००८ मध्ये आपल्या शेजारी, गोव्यात भरली होती.

सुडोकूचं उत्तरही एकच यायला हवं. त्यासाठी सुरुवातीला निदान किती अंक दिलेले असावेत? आयर्लंडमधले गणिती गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीनं दाखवून दिलं, की निदान १७ हवेत. १६ अंकांत एकच उत्तर येईल असं सुडोकू होऊच शकत नाही. म्हणजे माहिती पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न मोठमोठ्या गणितज्ञांनाही विचारावा लागतो. मग आपण विचारायला का लाजायचं?

हे सांगायचं कारण आपल्या मोबाइलवर फिरणारी फळांची कोडी. तीन सफरचंदं बरोबर ३०, मग एका ओळीत केळी, आणि खाली लिहिलेलं, ‘फक्त हुशार लोकांनाच जमेल.’ शेवटच्या ओळीत केळ्यांचा घड गुपचूप लहान केलेला असतो. घडातलं केळं मोजायचं की घड एक धरायचा, हे कुठंच सांगितलेलं नसतं. म्हणून चार जणींची चार उत्तरं येतात. ते जमलं नाही म्हणून कुणी स्वतःला कमी समजू नये. ‘यात अट कुठली दिलीय?’ असं पाठवणाऱ्यालाच विचारावं.

आता म्हणाल, या सगळ्याचा घरात-दारात उपयोग काय? बचत गटाचंच उदाहरण घेऊ. समजा गटात १२ जणी, प्रत्येकीचे २०० रुपये. पेटीत २,४०० हवेत, निघाले २,२००. अशा वेळी पहिलं बोट खजिनदार बाईकडे जातं, आणि एकदा गेलेलं नाव परत येत नाही. त्यापेक्षा आधी शक्यता लिहून काढा. मोजणी चुकली असेल. कुणीतरी पैसे दिले नसतील. खर्च झाला पण लिहिला नसेल. पैसे पडले किंवा कुणी घेतले असतील. मग एकेक तपासा. दोघींनी पुन्हा मोजलं, २,२०० च भरले, पहिली शक्यता खोडली. पैसे मिळाल्यावरच सही होते आणि बाराही पुस्तकांत सही आहे, दुसरी खोडली. मग पावत्या काढा. नव्या रजिस्टरची आणि रिक्षाभाड्याची मिळून २०० ची नोंद राहिलेली सापडली, तर तिथंच उलगडा झाला. मात्र शक्यता लिहिताना एकही गाळू नका, नाहीतर सगळा तर्क लंगडा पडतो. संशय आधी शक्यतांवर घ्यायचा, माणसावर नाही.

आता तुमच्यासाठी एक कोडं. कागद-पेन्सिल घ्या. शांताबाई, रेखा आणि मुमताज आठवडी बाजारात बसतात. एक भाजी विकते, एक बांगड्या, एक मासे. एक एसटीनं येते, एक टमटमनं, एक पायी. भाजीवाली पायी येते. रेखा एसटीनं येते. मुमताज मासे विकत नाही आणि पायीही येत नाही. तर कोण काय विकते आणि कशी येते?

तीन नावं एकाखाली एक लिहा. समोर भाजी, बांगड्या, मासे, एसटी, टमटम, पायी असे सहा रकाने आखा. शक्य नसेल तिथं फुली, नक्की असेल तिथं बरोबरची खूण करा. अडलात तर स्वतःला एवढंच विचारा, ‘पायी कोण येऊ शकतं?’ सासूबाईंना, मुलांना, शेजारणीला सोबत घ्या. उत्तर कळवाल तेव्हा कारणांसकट कळवा. पुढच्या भागात ज्यांची कारणं आम्हाला मिळतील, ती त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवू.