ओळखीचा बूट बंद होतो तेव्हा

आपल्या घरात सत्तरीपुढचे कोणी रोज सकाळी फिरायला जात असेल, तर त्यांच्या बुटांकडे आपण शेवटचे नीट कधी पाहिले होते, ते आठवून पाहा. मला आठवत नव्हते. आमच्या अण्णांचे वय 74. दादरच्या गोखले रस्त्यालगतच्या घरातून पहाटे साडेपाचला निघायचे, शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारायच्या, त्यांतली शेवटची हलक्या धावेत, मग कट्ट्यावर मित्रमंडळींत दहा मिनिटे बसायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या दौडीतही ते न चुकता भाग घेत. या साऱ्या वर्षांत त्यांच्या पायांत एकाच कंपनीचा, एकाच नावाचा बूट असे. झिजला की ठरलेल्या दुकानात जायचे, त्याच नावाचा सात नंबरचा जोड घ्यायचा आणि तो घालूनच घरी यायचे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते असेच गेले आणि हात हलवत परत आले. ‘तो माल आता येत नाही’, एवढेच दुकानदाराने सांगितले होते.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी वाटते. मीही तशीच नेली. दसऱ्याला त्यांच्यासाठी चांगला महागाचा, जाड आणि मऊ तळाचा, नव्या धाटणीचा बूट आणला. मऊ तेवढे म्हाताऱ्या पायांना सुखाचे, अशी माझी समजूत होती. आठव्या दिवशी पदपथावरच्या एका उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकपाशी अण्णांचा तोल गेला. हाताला कट्टा लागला म्हणून तळहात खरचटण्यावर निभावले. पण त्या दिवसापासून त्यांनी फिरणे बंद केले. ‘थंडी पडली की जाईन’, ‘जरा पोटऱ्या दुखताहेत’, अशी कारणे सुरू झाली आणि दोन महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल हाती आला, तेव्हा 6.9 चा आकडा 7.8 वर गेलेला होता. एका बुटाच्या बंद होण्याची ही किंमत मोजल्यावर मी त्या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागलो.

बूट बंद होतात, कारण त्यांचा धंदा फॅशनच्या पंचांगावर चालतो. धावण्याच्या बुटांचे बहुतेक प्रकार वर्षा-दीड वर्षाला बदलतात. काही नावे टिकतात. नायकीचा पेगासस 1983 पासून आणि असिक्सचा कायानो 1993 पासून बाजारात आहे. परंतु टिकते ते नाव. तळाची जाडी, आतला फेस, टाचेची उंची, वरचे कापड हे सारे आवृत्तीगणिक बदलत राहते. आपल्यापैकी अनेकांना करोना कंपनीचे बूट आठवत असतील. हे नाव तेव्हा आजाराचे नव्हते, शाळेच्या पहिल्या दिवसाचे होते. ती दुकाने गेली तेव्हाही कोणी विचारून गेली नाहीत. म्हणून दुकानात बुटाचे नाव सांगून शोध घेण्यात फारसे हशील नाही. नाव तेच असूनही बूट परका निघू शकतो आणि कधी न ऐकलेल्या नावाचा बूट पायाला जुन्याची ओळख देऊ शकतो. आपल्याला शोधायचे असतात ते जुन्या बुटाचे गुण, आणि ते जाणून घ्यायचे तर जुना बूट वाचता आला पाहिजे.

तो वाचायला मला शिकवले लालबागच्या पुलाखाली बसणाऱ्या एका वयस्क गटई कामगाराने. बहीण लालबागला राहते. तिच्याकडे गेलो असताना अण्णांच्या जुन्या जोडाचे तळ पुन्हा बसवून मिळतील का, हे विचारण्यासाठी तो पिशवीतून नेला होता. त्यांनी बूट उलटा केला, अंगठ्याने टाच दाबली, आत हात घालून चाचपले आणि म्हणाले, “तळ बसवून देईन, पण मधला थर मेलाय. तो काही जिवंत होत नाही.” मग करंगळीच्या जागी आतून पडलेले भोक दाखवून त्यांनी विचारले, “साहेबांना हा बूट घट्ट होत होता. कधी बोलले नाहीत?” अण्णा कधीच बोलले नव्हते. त्यांच्या करंगळीवरचे कुरूप आम्ही वयाच्या खात्यावर टाकले होते. ज्या बुटासाठी त्यांचा जीव तुटत होता, तोच गेली काही वर्षे त्यांना अरुंद पडत होता.

यात नवल नाही. वयाबरोबर पायाची कमान धरून ठेवणारे स्नायुबंध सैलावतात, पाऊल पसरते, किंचित लांबते. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येते. दिवसभरात पायांवर सूज चढते ती वेगळीच. तरीही आपण पन्नाशीत ठरलेला नंबर जन्मतारखेसारखा सांगत राहतो. त्यात हे नंबरही मूळचे आपले नव्हेत. आपल्या दुकानांतला सात किंवा आठ नंबर इंग्लंडच्या जुन्या जवाच्या मापावरून आला आहे. एक नंबर वाढला की लांबी इंचाच्या तिसऱ्या भागाने, म्हणजे साडेआठ मिलिमीटरांच्या आसपास वाढते. रुंदीविषयी तो आकडा काहीच बोलत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021 च्या डिसेंबरपासून काही महिने देशातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असते, असे त्यातून दिसले आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. ती दुकानात रुळेपर्यंत आपल्याला पुरुषांच्या बुटांत ‘2ई’ किंवा ‘4ई’ ही रुंदीची खूण डबीवर शोधावी लागते. ही खूण असलेले बूट प्रत्येक दुकानात ठेवलेले नसतात. मागितले तर मागवून देतात.

तेव्हा वाचकहो, पहिले काम घरीच करावे. संध्याकाळी, पाय सर्वांत मोठे असतात त्या वेळी, आई-वडिलांना कागदावर उभे करावे आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची रेघ काढावी. बसून नव्हे, उभे राहून. वजन पडले की पाऊल पसरते. दोन्ही पावले सहसा सारखी नसतात, मोठ्या पावलाचे माप धरावे. हा कागद कापून दुकानात न्यावा. बुटातली सुटी गादी बाहेर काढून तिच्यावर तो ठेवला, की बूट विकणाऱ्याच्या सर्व आश्वासनांचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. पाऊल गादीबाहेर जात असेल, तर ‘वापरून सैल होईल’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे.

जुना जोडही बरोबर न्यावा. टाचेच्या बाहेरच्या कडेला थोडी झीज असणे स्वाभाविक आहे; आतली कडच खूप झिजली असेल किंवा एकच बूट दुसऱ्याहून बराच अधिक झिजला असेल, तर बुटाआधी अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला पाय दाखवणे शहाणपणाचे. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला आणि तो एका बाजूला कलंडलेला दिसला, तर त्याचे आयुष्य संपले आहे. धावण्याच्या बुटाचे आयुष्य साधारण 500 ते 800 किलोमीटर धरतात. शिवाजी पार्कची फेरी सुमारे बाराशे मीटरची. तीन फेऱ्या रोज म्हणजे महिन्याला शंभराहून अधिक किलोमीटर. या हिशेबाने अण्णांचा जोड सात-आठ महिन्यांत थकायला हवा होता. ते तो दोन दिवाळ्या वापरत.

आता माझी चूक झाली होती त्या मऊपणाविषयी. पायाच्या तळव्याकडून मेंदूला जमिनीची बातमी सतत जात असते. वय वाढते तशी ती बातमी आधीच क्षीण होते. त्यात खाली फेसाचा जाड थर आला, की पाऊल नेमके कुठे आणि किती तिरके टेकले, हे उशिरा कळते. ज्येष्ठांच्या तोलावर झालेल्या प्रयोगांत पातळ आणि घट्ट तळाच्या बुटांत तोल अधिक चांगला राहिल्याचे आढळले आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर खेळाचे आणि कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या वृद्धांत पडण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते, तर अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालणाऱ्यांत ते बरेच अधिक. आपल्या घरांत पादत्राणे उंबऱ्याबाहेर राहतात आणि ती रीत मोडा, असे मी म्हणणार नाही. पण शहाबादी फरशीवर मोजे घालून फिरणे मात्र थांबवावे. घरापुरती वेगळी, टाचेला पट्टा असलेली स्वच्छ वहाण ठेवली, तर रीतही राहते आणि हाडेही.

मऊ बुटाखेरीज अण्णांच्या पोटऱ्या का दुखत होत्या, याचेही उत्तर मिळाले. बुटात टाच चवड्यापेक्षा किती उंच असते, हा फरक जुन्या पठडीच्या बुटांत 10 ते 12 मिलिमीटर असे. नव्यांपैकी काहींत तो 4 असतो, काहींत शून्य. बारा वर्षे उंच टाचेला सरावलेला पाय एकदम सपाट बुटात घातला, की टाचेमागचा जाड स्नायुबंध आणि पोटरी ताणली जाते. जुन्या बुटाचा हा आकडा माहीत नसला, तरी दोन्ही बूट शेजारी ठेवून डोळ्यांनीच अंदाज येतो. बूट हातात घेऊन आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: टाचेची वाटी दाबली असता चटकन चेपू नये आणि बूट वाकवला असता चवड्याच्या जागी वाकावा, मधोमध नव्हे. पिळलेल्या फडक्यासारखा पिळला जाणारा बूट ठेवून द्यावा.

आवडता बूट बंद होणार अशी कुणकुण लागताच चार जोड घेऊन ठेवावेत, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देतोच. गिरगावातल्या माझ्या मामांनी तसे केले होते. दोन कोरे जोड खोक्यांसह पोटमाळ्यावर ठेवले. पाच वर्षांनी त्यांतला एक काढून ते चौपाटीवर फिरायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी तळ खारी बिस्किटासारखा भुगा होऊन गळू लागला. त्यांना वाटले, आपल्याला खोटा माल मिळाला. तसे नव्हते. पॉलियुरेथेन, ज्याला दुकानदार ‘पीयू’ म्हणतात, त्याचे तळ दमट हवेत पाण्याच्या वाफेने आतून तुटत जातात. न वापरलेले अधिकच, कारण चालताना दाबून बाहेर पडणारी ओल तशीच राहते. हलक्या बुटांतला ‘ईव्हीए’ फेस असा भुगा होत नाही, पण तो कालांतराने कडक होतो आणि डिंक सुटतो. मुंबईच्या हवेत एकाहून अधिक जोड साठवू नये.

अमेरिकेतल्या भाच्याकडून बूट मागवताना तिकडचा पुरुषांचा नंबर आपल्याकडच्यापेक्षा साधारण एकाने, काही कंपन्यांत अर्ध्याने मोठा असतो, हे ध्यानात ठेवावे. सेंटिमीटरांत माप कळवणे सर्वांत निर्धोक.

मधुमेहींविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. पायांची संवेदना कमी झालेला माणूस नकळत घट्ट बूट निवडतो, कारण घट्ट असल्याशिवाय बूट घातल्यासारखेच त्याला वाटत नाही. त्याने ‘छान बसतोय’ म्हटले, तरी ते प्रमाण मानू नये. आधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ही संवेदना काही मिनिटांत पाहता येते. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत याविषयी विचारावे. संवेदना गेलेली असेल किंवा पूर्वी जखम होऊन गेली असेल, तर बाजारातला धावण्याचा बूट शोधण्यात वेळ घालवू नये. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून या क्षेत्रात काम करीत आहे. अशा ठिकाणी पायाच्या मापाने पादत्राण किंवा आतली गादी करून मिळण्याविषयी मार्गदर्शन होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या वहाणांचे प्रयोग केले. आज मधुमेहींना सुचवली जाणारी ‘एमसीआर चप्पल’ त्याच कामातून आली आहे. नवा बूट पहिल्या दिवशी घरातच अर्धा-एक तास घालावा आणि काढल्यावर पावले उजेडात पाहावीत. लाल डाग काही वेळात गेला नाही, तर बूट परत करावा. खरेदीआधीच परतीची मुदत विचारून ठेवावी. घरात वापरलेला, पण तळ न मळलेला बूट अनेक दुकाने बदलून देतात.

अण्णांचा बूट अखेर मिळाला तो दादरच्या तीन आणि लोअर परळच्या दोन दुकानांनंतर. आठ नंबरचा, रुंद, घट्ट टाचेचा, दिसायला अगदी सामान्य. विक्रेत्या मुलाने तो सर्वांत शेवटी काढला, कारण ‘हा कोणी घेत नाही, काका’. अण्णा दुकानातल्या दुकानात चार येरझारा घालून आले आणि काही बोलले नाहीत. नाड्यांच्या गाठी त्यांच्या बोटांना आताशा जड जातात, म्हणून मी चिकटपट्टीचा बूट सुचवला होता. तो त्यांनी शब्दही न बोलता बाजूला सारला. पहिला आठवडा एकच फेरी, दुसरा दीड. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मी खरेदीची तारीख काळ्या पेनाने लिहून ठेवली आहे.

दौडीची नावनोंदणी तोवर बंद झाली होती. जानेवारीच्या त्या रविवारी आम्ही दोघे मॅरेथॉन पाहायला वरळीच्या समुद्रकिनारी उभे होतो. लोक धावणाऱ्यांना टाळ्या वाजवत होते, त्यांची नावे पुकारत होते. अण्णा खाली मान घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट पाहत होते आणि मध्येच माझ्या कोपराला धक्का देऊन म्हणाले, “तो बघ, तो निळा सदरेवाला. आमचाच जुना! याने कुठून मिळवला असेल?”