गेलेली नजर परत येते का? डॉ. दीपक लांबा यांचे संशोधन काय सांगते

भोकरदन तालुक्यात नेत्रतपासणी शिबिरे घेताना आम्हाला हमखास विचारले जाते, "स्टेम सेलनं आंधळ्याला दिसतं म्हणतात, खरं का?" यासाठी कुणी घरातले सोने मोडण्याआधी कार्यकर्त्यांना उत्तर माहीत हवे.

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते, ते बदलता येते. मागचा पडदा, म्हणजे रेटिना, हा मात्र मेंदूचाच भाग. त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या की माणसात नव्या उगवत नाहीत. झेब्राफिश या बोटाएवढ्या माशात उगवतात!

मुंबई विद्यापीठातून एमबीबीएस झालेले डॉ. दीपक लांबा याच पेशींमागे लागले. गर्भात पडदा घडताना पेशींना जे रासायनिक संकेत मिळतात, तसेच संकेत सिएटलमध्ये थॉमस रेह यांच्या प्रयोगशाळेत मानवी मूलपेशींना दिले आणि २००६ मध्ये पडद्याच्या प्राथमिक पेशी तयार झाल्या. २००९ मध्ये अशा पेशी अंध उंदरांच्या डोळ्यांत सोडल्यावर उजेडाला थोडा प्रतिसाद मिळाला. पण शरीर परक्या पेशी मारून टाकते. प्रतिकारशक्ती कमी केलेल्या उंदरांत त्या अनेक महिने टिकतात, हे त्यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले.

म्हणजे इतकी वर्षे खपून २०१७ पर्यंत त्यांची गाडी उंदरांपर्यंत आली होती. त्याच २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या तीन महिलांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली : पैसे भरून चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या आणि होती ती नजरही गेली.

कुणी असा उपचार विकत असेल तर नोंदणीकृत चाचणीचा क्रमांक मागा. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.