मका आडवा का पडला?

मेसमध्ये स्वीटकॉर्न सूप आलं की आपण "चव नाही" म्हणून ओरडतो. पण मका शेतात नुसता उभा राहणं हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला मागच्या पावसाळ्यात येवला तालुक्यात मामाकडे कळलं. एका रात्री वारा सुटला आणि सकाळी बघतो तर दोन एकरांतला बराचसा मका आडवा! बांधापलीकडचा मात्र उभा. बियाणं दोघांचं एकच.

मामाकडे माती परीक्षणाचा कागद होता. त्यावर लिहिलेलं, 'पालाश : कमी'. कॉन्व्हेंटमध्ये मी पोटॅशियम शिकले, पालाश हा शब्द कधी ऐकलाच नव्हता! मामा म्हणाला, "अगं, नत्र, स्फुरद, पालाश. तुमचं एन, पी, के." २०२२ मध्ये पोटॅशची गोणी १७०० रुपयांच्या घरात गेल्यावर त्याने ती घेणंच सोडलं होतं. युरियाची ४५ किलोची गोणी मिळायची २६६ रुपये ५० पैशांना. मग काय, सगळा भर युरियावर.

इथेच गडबड झाली. नत्राने मका उंच, हिरवागार होतो, पण ताटाला बळकटी यायला पालाश लागतं. पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्हही पालाशच चालवतं, म्हणून पावसाचा खंड पडला तरी पीक तग धरतं. शिवाय पानात तयार झालेली साखर कणसापर्यंत पोचवायलाही तेच मदत करतं. ते कमी पडलं की दाणे पोचट राहतात, कणसाचं टोक रिकामं राहतं आणि वजन घटतं. नत्राचा नीट उपयोग होऊन दाण्यात प्रथिनं तयार व्हायलाही पालाश हवंच.

कमतरता ओळखायची कशी? खालची, जुनी पानं बघायची. टोकापासून कडेकडेने ती पिवळी पडून करपतात. पण तोवर उशीर झालेला असतो, कारण मका बहुतेक पालाश कणीस धरायच्या आधीच उचलतो. म्हणून खत पेरणीच्या वेळीच द्यायचं.

आणखी एक गंमत. पिकाने घेतलेलं बरंचसं पालाश दाण्यात नाही, ताटात आणि पानांत असतं. सगळी वैरण गोठ्यात गेली आणि शेणखत शेतात परत आलं नाही, तर जमिनीचं खातं रिकामं होत जातं.

आपल्याकडे मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे एकरी साधारण २७ किलो खत. मामाच्या दोन एकरांना जेमतेम एक गोणी! अर्थात डोळे झाकून टाकायचं नाही. काळ्या भारी जमिनीत पालाश बहुधा पुरेसं असतं आणि जास्त झालं तर मॅग्नेशियमचं शोषण कमी होतं. मामाची जमीन मात्र हलकी, मुरमाड.

मामाने कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "एका गोणीपायी एवढं झालं होय!" थोडक्यात काय, माती परीक्षणाचा कागद कपाटात ठेवण्यासाठी नसतो. सुट्टीत घरी गेलात तर तो एकदा काढून वाचाच.