तुंग्याची लढाई अर्ध्या तासात

जयपूरच्या दक्षिणेस टोंक रस्त्यालगत असलेली सीतापुरा ही औद्योगिक वसाहत रत्ने आणि दागिन्यांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. परंतु तिच्या पूर्वेकडे, जयपूर जिल्ह्यातच, तुंगा नावाचे गाव असून त्याच्या परिसरात २८ जुलै १७८७ रोजी महादजी शिंदे यांची फौज जयपूर व जोधपूरच्या संयुक्त सैन्याशी लढली, याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. लालसोटची लढाई म्हणूनही परिचित असलेला हा संग्राम खेळण्यातल्या सैनिकांनी टेबलावर मांडून पाहण्याजोगा आहे, कारण त्याचा निकाल केवळ तलवारीने लागला नाही.

टेबलावरील युद्धखेळ म्हणजे छोट्या सैनिकांच्या तुकड्या मांडून, त्यांची चाल मोजपट्टीने मोजून आणि माऱ्याचा परिणाम फाशांनी ठरवून खेळलेली लढाई होय. बुद्धिबळात घरे आखलेली असतात आणि मोहरा मारला जाणार की नाही याविषयी संशय नसतो. येथे मात्र पटावर घरे नसतात आणि उत्तम बेतही फाशामुळे फसू शकतो. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अशा खेळाचे नियम अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध केले, तर एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाद्वारे तोच प्रकार घरातल्या जमिनीवर आणला. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या सुटत आणि समोरचे सैनिक खरोखर पाडले जात. पुढे नियमांची पुस्तके जाडजूड झाली आणि एका लढाईला अख्खा दिवस पुरेनासा झाला, तेव्हा लहान खेळांकडे पुन्हा लक्ष गेले. नील थॉमस यांच्या २०१४ मधील ‘वन-अवर वॉरगेम्स’ या पुस्तकात प्रत्येक बाजूला फक्त ६ तुकड्या आणि ३ फूट लांबी-रुंदीचा पट एवढ्यावर सारा खेळ उभा आहे. ही काटकसर सोयीची आहेच, शिवाय ती विचारालाही उपकारक आहे; नियम मोजकेच ठेवायचे ठरले की त्या लढाईत नेमके काय निर्णायक होते, याचा शोध घ्यावाच लागतो.

तुंग्याच्या बाबतीत ही निर्णायक गोष्ट म्हणजे थकलेला पगार. जोधपूरच्या राठोड घोडदळाने त्या दिवशी जबरदस्त हल्ला केला, डी बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याने कवायत शिकवून तयार केलेल्या महादजींच्या पलटणींनी बंदुका आणि तोफांच्या बळावर तो झेलला, आणि महादजींना सोडून जयपूरकरांना मिळालेला महंमद बेग हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. तरीही दिवसअखेर कोणत्याच बाजूचा निर्विवाद विजय झाला नव्हता. पुढच्या दोन-तीन दिवसांत मात्र महादजींच्याच पगार न मिळालेल्या हिंदुस्तानी पलटणी तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या आणि महादजींना डीगकडे माघार घ्यावी लागली.

हे सारे पटावर आणणे अवघड नाही. मराठ्यांकडे डी बॉयनच्या २ पलटणी, २ घोडदळे, १ तोफखाना आणि १ हिंदुस्तानी पलटण, तर समोर राठोडांची २ घोडदळे, हमदानीचे १ घोडदळ आणि जयपूरची ३ पथके, अशी मांडणी पुरेशी आहे. घोडदळाची चाल ३० सेंटिमीटर, पायदळाची १५ आणि बंदुकीचा पल्ला २० ठेवला, तर पल्ल्याबाहेरून सुटलेले घोडेस्वार एकाच चालीत पायदळाला भिडतात आणि पलटणीला मध्ये जेमतेम एक बार काढता येतो. त्या एका बाराचा फासा टाकताना कवायती पायदळाची शिस्त कशासाठी होती, हे लहान मुलालाही कळते.

खरी गंमत हिंदुस्तानी पलटणीच्या नियमात आहे. सहाव्या फेरीपासून प्रत्येक फेरीच्या आरंभी तिच्यासाठी एक फासा टाकावा आणि १ पडल्यास ती पटावरून काढून घ्यावी. इतिहासात दोन-तीन दिवसांनी घडलेले येथे एकाच बैठकीत आणले जाते, परंतु दडपण तेच राहते. असे सहा वेळा फासे टाकले तर ती पलटण निघून जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होते, म्हणजे साधारण तीन खेळांपैकी दोनांत मराठ्यांना तिच्यावाचून लढावे लागते. त्यामुळे मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला थांबून वाट पाहण्याची चैन परवडत नाही.

सैनिकांसाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. धातूचे छोटे सैनिक रबरी साच्यात कथिलाची मिश्रधातू ओतून करतात, आणि दागिन्यांच्या ओतकामातही मेणाचे नमुने काढण्यासाठी रबरी साचे वापरतात. म्हणजे यासाठी लागणारे कसब दागिने घडवणाऱ्या गावांना अपरिचित नाही. महाराष्ट्रात तर दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे, घोडेस्वार आणि तोफा दरवर्षी बाजारात येतात, आणि किल्ला मोडला की ते सारे पुढच्या वर्षापर्यंत खोक्यात पडून राहतात.

महादजींनी पुढे डी बॉयनची फौज वाढवली, तिच्या पगारासाठी स्वतंत्र मुलूख लावून दिला, आणि याच फौजेच्या बळावर २० जून १७९० रोजी पाटण येथे व १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला राजपुतान्यात विजय मिळवले. तुंगा खेळून झाल्यावर वाचकांनी मेडताही मांडावे. तेथे पगाराच्या फाशाची गरज पडणार नाही.